ओळंबा सोबत पाठवत आहे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं खरं, पण मी बाकावर बसून लिहिते आहे, आणि या पत्रात काहीही खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते की नमस्कार मान वाकवून मनातल्या मनात केला आहे. तेवढा चालवून घे.) तुझा गुडघा, तुझं पित्त आणि तुझी सूनबाई या तिन्हींचं बरं चाललं असावं अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. 'खुशाल' हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला, ते कागदावर दिसतंच आहे. कारण पुढे येईल. आई बरी आहे. बाबा कामाच्या गावी आहेत आणि दर रविवारी फोन करून 'बाकी काय' असं विचारतात, म्हणजे तेही बरे आहेत. तुला पत्रात 'तू' लिहावं की 'तुम्ही' यात माझा अर्धा दिवस गेला. आई म्हणाली, तोंडाने 'तू' म्हणतेस तर हाताने 'तुम्ही' कशाला? म्हणून 'तू'. राग मानू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तर फोनवर कोणाच्याही आजारपणाचं नाव काढलं की तू 'अगं थांब, दारावर कोणीतरी आलंय' असं म्हणून फोन ठेवतेस. मागच्या महिन्यात तुझ्या दारावर अकरा वेळा कोणीतरी आलं. (मी मोजलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.) पत्र एकदा उघडलं की मात्र तू शेवटपर्यंत वाचतेस, रद्दीतले जुने कागदसुद्धा वाचतेस, असं आजोबा सांगतात. दारावरून आठवलं. तुझं पत्र पोचलं. सुताराने बसवलेल्या नव्या चौकटीला मधे बाक आहे, म्हणून तू त्याला तीनदा बोलावून रंधा मारून घेतलास, आणि तिसऱ्या खेपेनंतर बाक तर गेला नाहीच, उलट ज्या सूनबाईला आधी चौकट सरळ दिसत होती तिलाही ती आता वाकडी दिसायला लागली, म्हणजे शेवटी खऱ्याचा विजय झाला, असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. सुताराबद्दल शेवटी लिहिते.

आधी एक कबुली. आजोबांना आम्ही 'डोळ्यांच्या किरकोळ तपासणीला' नेतो असं तुला आठ महिने सांगत आलो. ते तितकंसं खरं नव्हतं. तपासणी होती, पण किरकोळ नव्हती. 'पोरीला कळवू नका, ती घाबरेल' ही आजोबांची अट. (तुझ्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही तू इथे पोरच आहेस, आणि मला वाटतं तुला ते आवडेल.) आता त्यांनीच परवानगी दिली आहे. तेव्हा खाली बस, पाणी पी, आणि घाबरू नकोस, कारण घाबरण्याचं सगळं काम मी आधीच करून ठेवलं आहे.

सुरुवात समोरच्या बांधकामापासून झाली. दोन वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीसमोर एक इमारत उठायला लागली. आजोबांनी पन्नास वर्षं गवंडीकाम केलेलं, तेव्हा समोर कोणी विटा रचत असताना त्यांनी गप्प बसावं हे शक्यच नव्हतं. पहिल्या मजल्यापर्यंत ते नुसते बघत होते. दुसऱ्या मजल्यावर मात्र त्यांनी गॅलरीतून मुकादमाला हाक मारून सांगितलं की भिंतीला पोट आलंय. मुकादम बिचारा सज्जन. त्याला भिंतीत काही दिसत नव्हतं, पण म्हाताऱ्या कारागिराचा मान म्हणून त्याने चार थर उतरवून पुन्हा रचले. आजोबा म्हणाले, अजून आहे. त्याने पुन्हा उतरवले. त्यानंतर आजोबांना एकेक करून सगळीकडे पोटं दिसायला लागली: शाळेच्या कुंपणाला, दवाखान्याच्या खांबांना, टपाल कचेरीच्या दाराला. रोज संध्याकाळी फिरून आले की 'आजकाल कोणाच्या हाताला वळण राहिलं नाही' असं म्हणून चपला काढायचे. आम्हाला वाटायचं, खरंच असेल. भिंतीच्या बाबतीत त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हा घरातला नियम, तुझ्यापासूनच चालत आलेला.

मग एक दिवस ते स्वतःचा ओळंबा घेऊन खाली उतरले. तोच, पितळी, त्यांच्या गुरूंनी दिलेला, ज्याला तू लहानपणी भोवरा समजून फिरवलं होतंस आणि त्यावरून आजोबा बराच काळ तुझ्याशी बोलले नव्हते. भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली. गोळा हलायचा थांबला. मुकादम आणि दोन मजूर बघत उभे. आणि आजोबांना दिसलं की भिंतीबरोबर दोरीलाही पोट आलंय.

आत्या, मी या जागेवर नेहमी थांबते. भिंत वाकडी असू शकते. गवंडी वाकडा असू शकतो. पण खाली वजन लावून सोडलेली दोरी वाकडी असूच शकत नाही. आजोबांनी उजवा डोळा झाकला, उघडला, डावा झाकला, उघडला. मग दोरी गुंडाळून खिशात टाकली, मुकादमाला म्हणाले, 'भिंत चांगली आहे, पाणी मारत जा,' आणि वर आले. घरी कोणाला काही बोलले नाहीत. (पुढे दोन महिने बोलले नाहीत. या दोन महिन्यांबद्दल मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही आणि तसं त्यांना सांगितलंही आहे.) भिंतींशी भांडण्यात गेलेलं आधीचं वर्ष आणि हे दोन महिने धरले, तर आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा उजव्या डोळ्याच्या मधोमध कायमचा व्रण झाला होता. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डावा झाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं तर माझे केस दिसतात, हनुवटी दिसते, आणि मधे जिथे मी असायला हवी तिथे राखाडी धूर. (ते म्हणतात, एवढं पुष्कळ झालं, तुझं बोलणं तर ऐकू येतंच.)

डॉक्टर बाईंनी फार शांतपणे समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि माणसं ओळखतो, तो काहींचा वयाने झिजतो. त्यात एक कोरडा प्रकार आणि एक ओला. ओल्यात पडद्याखाली नको तिथे बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यातून पाणी झिरपतं आणि पडदा फुगतो, म्हणून सरळ वस्तू वाकड्या दिसतात. हे सगळं मी वहीत उतरवत होते. (वहीवर नाव घातलं होतं 'डोळा'. आत त्रेचाळीस प्रश्न, क्रमांक घालून.) आजोबा मात्र एकदम खुलले. म्हणाले, म्हणजे भिंतीला ओल आलीय आणि आतून गिलावा फुगलाय, असं सरळ सांगा ना. डॉक्टर बाई म्हणाल्या, हो, अगदी तेच. त्यानंतर माझ्या त्रेचाळीस प्रश्नांकडे कोणी लक्षच दिलं नाही. ते दोघं ओलीबद्दल बोलत बसले.

उजव्या डोळ्याचं आता काही करता येत नव्हतं. डाव्यात ओल नुकतीच धरायला लागली होती. त्यावर उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, आधी दर महिन्याला एक, मग डोळा बघून अंतर वाढवत. गेलेलं परत येईल असं नाही, पण आहे ते राखायचं. 'डोळ्यात सुई' हे ऐकून मी वहीत लिहिलेला सत्ताविसावा प्रश्न मोठ्याने विचारला: इंजेक्शननंतर आजोबा रडले तर औषध बाहेर येईल का? डॉक्टर बाई म्हणाल्या, येणार नाही, पण ते रडतात का? आजोबा म्हणाले, मी नाही हो, ही रडते.

आता पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मी काय केलं ते लिहायला हवं, कारण रुग्णालयातून तुला कधी कळलं तर ते माझ्याकडूनच आधी कळलेलं बरं. त्यांनी दिलेल्या सूचनापत्रात पहिलीच सूचना होती: येण्यापूर्वी चेहरा स्वच्छ धुवावा. मी घरी आजोबांचा चेहरा दोनदा धुववला. तिथे गेल्यावर नर्सबाईंनी थेंब घातले, कागद तपासले आणि आजोबांच्या डाव्या भुवईवर पेनने एक फुली काढली. कोणत्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचं त्याची ती खूण, हे तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. मला ती दिसली तेव्हा नर्सबाई आत गेल्या होत्या आणि आमचा नंबर पुढचाच होता. मला एवढंच दिसलं की आजोबांच्या धुतलेल्या चेहऱ्यावर कसलातरी डाग पडलाय. मी रुमाल ओला केला आणि तो डाग फार काळजीपूर्वक, डोळ्याला धक्का न लावता, पूर्णपणे पुसून काढला. आजोबा थेंबांमुळे डोळे मिटून बसले होते. त्यांना वाटलं हीच पद्धत असेल.

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं बरोबर नाही, कारण कोणी आवाज चढवला नाही. फक्त सगळं थांबलं. फुली नाही म्हटल्यावर त्यांचा नियम असा की पहिल्यापासून सुरुवात. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, जुने कागद काढले, डॉक्टर बाई स्वतः बाहेर आल्या. आजोबांना विचारलं, कोणता डोळा? आजोबा म्हणाले, मी गवंडी आहे, आराखडा तुमच्याकडे. पाऊण तास गेला. आमच्या मागे नऊ म्हातारी माणसं भुवईवर एकेक फुली घेऊन बसली होती आणि त्या नऊ जणांनी माझ्याकडे आपापल्या चांगल्या डोळ्याने पाहिलं. नर्सबाईंनी दुसरी फुली एवढी मोठी काढली की ती टाळूपर्यंत गेली, आणि मला हात धरून दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. पाच मिनिटांत आजोबा बाहेर. मी विचारलं, दुखलं का? म्हणाले, थोडं दाबल्यासारखं झालं, तुझ्या रुमालापेक्षा कमी.

त्या दिवसापासून प्रतीक्षागृहात माझं नाव 'तपासनीस' पडलं. महिन्याच्या महिन्याला तीच माणसं भेटतात, त्यामुळे आता ओळख झाली आहे. एक निवृत्त बस ड्रायव्हरकाका आहेत, ते मला बघितलं की भुवईवर हात ठेवतात. एक शिवणकाम करणाऱ्या आजी आहेत, त्यांच्या पिशवीत आता सुई नसते पण बोटात सवयीने अंगठीसारखं अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी) असतं. आजींनी सांगितलं की वर्षभर त्यांच्या हाताखालची शिवण वाकडी जात होती आणि वर्षभर त्यांनी मशीनला दोष दिला. मशीन बदललं, मग नवं मशीन बदललं. ड्रायव्हरकाकांनी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांबद्दल नगरपालिकेला तीन तक्रारअर्ज केले होते. आजोबा म्हणाले, आपल्या रोगाचं नावच ठेवायला हवं, दिसेना धड, अंगण वाकडं. सगळे हसले. मीही हसले, आणि मग वहीत लिहून ठेवलं.

तीन इंजेक्शनं झाली आणि आजोबांना डाव्या डोळ्याने वर्तमानपत्रातलं बारीकसुद्धा वाचता यायला लागलं. त्यावर त्यांनी जाहीर केलं की काम झालं, आता जायचं नाही. आईने समजावलं, बाबांनी रविवारी समजावलं, मी वही वाचून दाखवली. उपयोग नाही. तुझ्या बापाचा हट्ट तुला मी काय सांगावा, तुझ्याकडेही आहे. (हे खोडणार होते. पण खोटं लिहायचं नाही ठरलंय.) शेवटी 'नुसतं सांगून येऊ' म्हणून त्यांना नेलं. डॉक्टर बाईंनी वाद घातलाच नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही एखाद्या गच्चीची गळती बंद केलीत की त्यानंतर किती पावसाळे बघायला जायचात? आजोबा म्हणाले, तीन तरी. मग त्यांना स्वतःचंच उत्तर ऐकू आलं, आणि ते निमूट भुवई पुढे करून बसले.

आता त्या कागदाची गोष्ट. रुग्णालयातून एक पुठ्ठा देतात, त्यावर चौकटींची जाळी असते, उभ्या एकवीस रेघा, आडव्या एकवीस, मधोमध एक ठिपका. रोज सकाळी चष्मा लावून, एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे बघायचं, मग डोळा बदलायचा. एखादी रेघ वाकडी दिसली किंवा मधे तुटली तर वाट न बघता लगेच यायचं. आमचा पुठ्ठा कपाटात दबून त्याला एक बारीक सुरकुती पडली. माझ्या मनात आलं, उद्या सुरकुतीमुळेच रेघ वाकडी दिसली तर? म्हणून मी त्याला इस्त्री केली. पुठ्ठा तपकिरी झाला आणि त्याला वास यायला लागला. छायाप्रतीच्या दुकानात एक प्रत काढली होती, ती मी पट्टीने मोजली, तर यंत्र सगळं डावीकडे केसभर तिरकं काढत होतं. तेव्हा मी जाळी स्वतः हाताने काढायची ठरवली. का नाही काढणार? मला शाळेत घातलं नवव्या वर्षी. तोवर माझी शाळा म्हणजे आजोबांचं बांधकाम. अक्षरं मी कोळशाने विटांवर गिरवली, पाढे थर मोजून शिकले, आणि रेघ कशी ओढायची ते त्यांनी मला आठवडाभर शिकवलं होतं. टोक टेकवायचं, श्वास रोखायचा, रेघ संपेपर्यंत सोडायचा नाही. तशी मी बेचाळीस रेघांची जाळी काढली आणि भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी उजवा डोळा झाकला, डाव्याने बघितलं आणि शांतपणे म्हणाले, डावीकडून सातवी रेघ मधे फुगलीय.

पुढचा तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मी जाळी भिंतीवरून काढून पिशवीत घातली, कारण पुरावा लागेल. आजोबांना दारातून बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्यात आईची. ते म्हणत होते, जरा माझा ओळंबा दे. मी म्हटलं, आजोबा, ही वेळ आहे का? तरी त्यांनी खुंटीवरून तो घेऊन खिशात कोंबलाच. टॅक्सीवाल्याला मी सांगितलं, वेगाने चला पण धक्का बसू देऊ नका; तो म्हणाला, ताई, दोन्हीपैकी एक सांगा. वाटेत आजोबांनी तीनदा 'माझं ऐकून तर घे' म्हणून बघितलं. मी म्हटलं, बोलू नका, डोळ्यावर ताण येतो. खरं सांगते, त्या टॅक्सीत मी मनातून उजव्या डोळ्याचा राखाडी धूर डाव्यात येताना बघत होते, आणि मला एवढंच वाटत होतं की आता मी त्यांना दोन्ही बाजूंनी दिसेनाशी होणार.

नंबर नव्हता, तरी नर्सबाईंनी माझा चेहरा बघून आत घेतलं. (आधी त्यांनी माझ्या हातातला रुमाल काढून घेतला.) थेंब घातले, पडद्याचं छायाचित्र काढलं. डॉक्टर बाईंनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, ओल नाही, कोरडा ठणठणीत आहे. मी म्हटलं, पण सातवी रेघ? त्यांनी जाळी मागितली. दोन्ही डोळ्यांनी बघितली, चष्मा काढून बघितली, आणि म्हणाल्या, ही मलाही फुगलेली दिसतेय. जाळी बाहेर फिरली. शिवणकामवाल्या आजी चांगल्या डोळ्याने बघून म्हणाल्या, इथे टाका चुकलाय. ड्रायव्हरकाका म्हणाले, मला सगळ्याच वाकड्या दिसतात, माझं मत धरू नका. तेव्हा आजोबांनी खिशातून ओळंबा काढला, जाळी भिंतीला धरली आणि सातव्या रेघेशेजारी दोरी सोडली. त्यांचा डावा डोळा दोरीवर. दोरी सरळ. रेघ फुगलेली.

'दोरी सरळ दिसतेय म्हणजे डोळा ठीक आहे,' ते म्हणाले. 'हेच सकाळी घरी बघणार होतो.' मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, 'सातव्या रेघेला श्वास सोडलास तू.'

सोडला होता, आत्या. सातवी रेघ ओढताना आईने आतून विचारलं होतं, चहा घेणार का? आणि मी 'हो' म्हटलं होतं. वीस वर्षांपूर्वी शिकवलेलं मी एका 'हो'साठी मोडलं, आणि त्यांनी ते एका डोळ्याने पकडलं. मी तिथेच रडले. ड्रायव्हरकाकांनी सगळ्यांना सांगितलं की घाबरू नका, औषध बाहेर येत नाही.

तर असं आहे. रुग्णालयाने नवा पुठ्ठा दिला आहे, इस्त्री न करण्याच्या बोलीवर. पुढचं इंजेक्शन आता दोन महिन्यांनी. आजोबा वर्तमानपत्र वाचतात, समोरच्या मुकादमाशी गॅलरीतून बोलतात आणि त्याची भिंत चांगली झाली असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. म्हणून वर 'खुशाल' लिहिलं, तिसऱ्या खेपेला मन लावून. घरातल्या मोठ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही, त्यांना नुसतं 'नीट बसा' सांग.

तुझी भाची
(जिला तिथे तपासनीस म्हणतात)

ता. क. सुताराबद्दल लिहायचं राहिलं, असं मी दाखवणार होते. राहिलेलं नाही. त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या दिवशी निघताना प्रतीक्षागृहातच डॉक्टर बाईंनी विचारलं की आजोबांना मुलं किती, पन्नाशीच्या पुढचं कोणी आहे का, कारण हे घराण्यात उतरू शकतं. आजोबा म्हणाले, मुलगा आहे, त्याला बघून घेऊ, आणि एक मुलगी आहे, तिचं अगदी छान चाललंय, सध्या सुताराशी भांडतेय. शिवणकामवाल्या आजींनी मान वर केली आणि विचारलं, कशावरून? आजोबा म्हणाले, चौकट मधे फुगलीय म्हणते. ड्रायव्हरकाका पायांकडे बघत राहिले. आजोबांनी 'म्हणते' हा शब्द पुन्हा एकदा म्हटला, आणि मग ते खाली बसले. तुझा नंबर येत्या मंगळवारी सकाळी दहाचा घेतला आहे. बाबांचा साडेदहाचा, ते रविवारी 'बाकी काय' म्हणाले तेव्हा सांगून टाकलं.

ता. क. दुसरा. मंगळवारची वाट बघवणार नाही हे मला माहीत आहे (मलाही बघवणार नाही), म्हणून सोबतच्या पुडक्यात ओळंबा आहे. तो खिळ्याला टांग, गोळा थांबू दे, मग एक डोळा झाकून दोरी बघ, मग दुसरा झाकून बघ. चौकट बघू नकोस. तिला बिचारीला तीनदा रंधा बसला आहे, ती आता खरंच वाकडी असेल. फक्त दोरी बघ. दोरी वाकडी दिसली तर मंगळवारची वाट न बघता त्याच दिवशी नीघ. सरळ दिसली तरी मंगळवारी ये. पुडकं आजोबांनी स्वतः बांधलं. तुझं पत्र त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि ओळंबा पुसायला घेतला. म्हणाले, तिला लिही की या वेळी भोवऱ्यासारखा फिरवलास तरी चालेल. आणि दोरी वाकडी दिसली तर सुताराची माफी माग. सरळ दिसली तर त्याला माझ्याकडून चार जास्त ऐकव.

ता. क. तिसरा, आणि हा महत्त्वाचा. या पत्राच्या पहिल्या पानावरच्या ओळी खरोखरच वाकड्या आहेत. ते पान मी बसमध्ये लिहिलं. त्या पानावरून काही ठरवू नकोस. दुसऱ्या पानापासून मात्र पट्टी लावून, प्रत्येक ओळीला श्वास रोखून लिहिलं आहे आणि मधे कोणाच्याही चहाला 'हो' म्हटलेलं नाही. त्या वाकड्या दिसल्या असतील, तर दारावर कोणीही आलेलं असू दे. गाडी पकड.